सासूबाईंच्या कोठीतला साठा

८ नोव्हेंबर, शनिवार

आजपासून रोजनिशी लिहायची. रोज म्हणजे जमेल तेव्हा; मी स्वतःला ओळखून आहे.

निमित्त असं की मला पद मिळालं. पंचायत कचेरीत सभा होती. मागच्या हिवाळ्यात बर्फानं आमची गल्ली गावापासून तुटली, वीज गेली, पंप बंद पडले आणि लोकांनी सरपंचांच्या नावानं बोटं मोडली. म्हणून यंदा प्रत्येक गल्लीला एक आपत्ती-प्रमुख. 'कोण तयार आहे?' असं विचारलं तेव्हा मी 'खिडकी उघडा' म्हणायला हात वर केला. टाळ्या पडल्या. खिडकी शेवटपर्यंत कोणी उघडली नाही.

घरी आलो तर सासूबाई चुलीपाशी लसूण सोलत होत्या. पारास्कीवा त्यांचं नाव, वय ब्याऐंशी.

"आई, मी आपत्ती-प्रमुख झालो."

"आपत्ती तर तू होतासच," त्या म्हणाल्या. "आता प्रमुख झालास."

मी या घरात घरजावई. लग्न करून आलो तेव्हा कोळशाच्या खाणीत नोकरी होती. म्हटलं, दोन वर्षांत स्वतःचं घर बांधू. खाण बंद पडली, घर राहून गेलं, मी इथेच राहिलो. बायको स्तेलुत्सा इटलीत, बोलोन्यात, एका म्हाताऱ्या बाईची देखभाल करते आणि आम्हाला पोसते. ती तिकडे परक्याच्या आईला भरवते, मी इकडे तिच्या आईबरोबर राहतो. भरवायला गेलो तर चमचा डोक्यात बसेल, म्हणून नुसता राहतो.

खरं सांगायचं तर मला एवढंच हवंय, की एकदा तरी या घरात कोणी म्हणावं, 'तितू होता म्हणून निभावलं.' इथे लिहायला हरकत नाही. वाचणार कोण?

१२ नोव्हेंबर, बुधवार

कचेरीतून पत्रक मिळालं. साठ्यातलं अन्न कसं असावं? टिकणारं असावं, न शिजवता खाता यावं आणि घरच्यांना आवडणारं असावं. पहिल्या दोन अटी दुकानात पुऱ्या होतात. तिसरी आमच्या घरात येशू ख्रिस्तालाही पुरी करता आलेली नाही.

मी डुकराच्या काळजाच्या वाटणाचे डबे आणले, गोमांसाचे आणले, सारडिन मासे, उकडलेले घेवडे, दुधाची पावडर, बिस्किटं आणली. टेबलावर मनोरा रचला. सासूबाईंनी काळजाचा एक डबा हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवून वाचला आणि मांजरापुढे ठेवला. मांजरानं वास घेतला आणि ते बाहेर गेलं.

"त्याला भूक नसेल," मी म्हटलं.

"ते उंदीर खातं, तितू."

रात्री स्तेलुत्साचा फोन आला. "आईच्या पायांवर सूज दिसतेय का? हृदयाचं आहे तिचं. तिला जप हां. बाकी काही केलं नाहीस तरी चालेल." हे शेवटचं वाक्य ती प्रेमानं म्हणते, असं मी धरून चालतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

घोडचूक! कालपासून नाताळचा उपास लागला. नाताळपर्यंत मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. मासा शनिवार-रविवारी चालतो. आणि माझा साठा म्हणजे काळीज, गोमांस आणि दुधाची पावडर! लहानपणापासून दर वर्षी हा उपास बघतोय, तरी डबे घेताना डोकं कुठे ठेवलं होतं कोण जाणे.

"आणीबाणी आली तर तुम्ही खाणार काय?" सासूबाईंना विचारलं.

"उपासच आहे. नाही खाणार."

युक्तिवाद बिनतोड होता. आता आणीबाणीनं यायचं असेल तर नाताळ उरकून यावं, एवढीच प्रार्थना.

डब्यातलं थंड अन्न पोटाला सोसतं का, हे प्रमुखानं स्वतः तपासायला हवं म्हणून दोन दिवस तेच खाल्लं. (उपास मी तसाही अर्धामुर्धाच पाळतो.) निष्कर्ष: सोसत नाही. जास्त तपशील नको.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सासूबाईंना इस्पितळात नेलं. सकाळी उठल्या तर पाय हंड्यासारखे सुजलेले आणि श्वास लागलेला. रुग्णवाहिका येईपर्यंत मी तीनदा पाणी आणलं आणि तीनदा सांडलं. गाडीत चढवताना त्यांनी कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली. कोठीची किल्ली! इतक्या वर्षांत मी त्या दाराची आतली बाजू पाहिलेली नाही.

"कोंबड्यांना दाणा घाल. दाणा पुढच्या पिंपात आहे. मागं जाऊ नकोस."

"आई, तुम्ही बऱ्या होऊन या, बाकी सगळं मी बघतो."

"त्याचीच भीती आहे," त्या धापा टाकत म्हणाल्या.

शहरातले डॉक्टर म्हणाले, पाणी उतरलं की आठवड्याभरात घरी सोडू. घर फार शांत वाटतंय. टोमणे नसले की जेवण अळणी लागतं, हे आज कळलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मागं गेलो.

मी गेलो नसतो. पण पुढच्या पिंपातला दाणा संपत आला होता आणि आपत्ती-प्रमुखाला आपल्याच घरातला साठा ठाऊक नसावा, हे बरोबर दिसत नाही. मागं पडदा होता. पडदा सारला.

गव्हाचं पोतं. साखर, तांदूळ, तेल, सुके घेवडे, अक्रोड, मधाची बरणी, आलुबुखाराच्या घरच्या दारूचा मोठा बुधला. आणि फळीवर ओळीनं मातीचे मग. प्रत्येक मगाच्या कानाला एक नवा टॉवेल बांधलेला, टॉवेलात खोचलेली मेणबत्ती आणि आत लाकडी चमचा. माणशी एक संच! असलं नियोजन कचेरीच्या पत्रकातही नाही. आणि सगळं उपासाला चालणारं, एक डबा मांसाचा नाही.

असे मग इकडे मयताच्या जेवणाला पाहुण्यांना वाटतात, टॉवेल आणि मेणबत्तीसकट; ते मला माहीत आहे. पोमाना म्हणतात त्याला. सासूबाई गावातली एकही पोमाना चुकवत नाहीत. तिथे मिळालेले मग त्यांनी एकेक करून जपून ठेवले असणार. याला म्हणतात दूरदृष्टी! मी चार डबे आणून मिरवत होतो आणि ही बाई वर्षानुवर्षं न बोलता साठा करत होती. मी तिथेच पिंपावर बसून मनापासून त्यांना नमस्कार केला.

वाईट एवढंच वाटलं, की मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मदत केली असती. म्हणूनच सांगितलं नसेल.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आली! आणीबाणी आली!

दुपारपासून वादळ, त्यात ओला बर्फ. खांब पडला, वीज गेली, नळ कोरडे. गल्लीत सगळी म्हातारी माणसं. कोणाकडे मेणबत्ती नाही, विजेरीत सेल नाहीत. आणि मी शांत! मला स्वतःचाच संशय आला इतका शांत. कोठी उघडली, सासूबाईंचे संच दोन टोपल्यांत भरले, प्रत्येक मगात साखर आणि मूठभर अक्रोड घातले, अंगात काळा रेनकोट चढवला आणि घरोघर निघालो.

शेजारच्या सांदानं दार उघडलं. मी मेणबत्ती पेटवून मग तिच्या हातात दिला. "पारास्कीवाआईंकडून," म्हटलं. "त्यांचीच सगळी तयारी."

सांदाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. छातीवर क्रूस काढला आणि म्हणाली, "आणि तू एकटाच फिरतोयस रे वाटत? या बर्फात?"

"कर्तव्य आहे," मी म्हटलं.

"सोन्यासारखा जावई," ती म्हणाली.

सोन्यासारखा! असं मला आजवर कोणी म्हटलेलं नाही. पुढच्या घरीही तेच. लोक मग दोन्ही हातांनी घेत होते, क्रूस काढत होते, माझ्या खांद्यावर थोपटत होते. म्हाताऱ्या ग्रिगोरेनं तर मला मिठी मारली. एका मेणबत्तीचं एवढं कौतुक! अंधारात माणसाला माणसाची किंमत कळते. उरलेला थोडा वेळ बुधल्याची तपासणी केली. दारू उत्तम टिकली आहे.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मी मेलेलाच बरा होतो. पण आता तो शब्दही काढायची सोय राहिलेली नाही.

सकाळी चर्चची घंटा वाजत होती. म्हटलं, कोण गेलं बिचारं? मग फाटक वाजलं. दारात अख्खी गल्ली. बायका काळे रुमाल बांधून, पुरुष टोप्या हातात घेऊन, ग्रिगोरेच्या हातात फावडं.

"कुठे ठेवलंय तिला?" सांदानं विचारलं.

"कोणाला?"

"पारास्कीवाला, रे!"

"इस्पितळात आहेत. काल डॉक्टरांशी बोललो होतो, सूज उतरली म्हणाले."

सांदा माझ्याकडे बघत राहिली, मग तिनं रुमालाची गाठ सोडली आणि हंबरडा फोडावा तशी ओरडली, "अरे गाढवा! मग तू काल घरोघर तिची पोमाना का वाटत फिरत होतास?"

मी कोठीतल्या संचांचं सांगितलं. दूरदृष्टीचं सांगितलं. ग्रिगोरे पायरीवर बसला आणि डोकं धरून हसायला लागला. तेव्हा सांदानं मला समजावलं, मतिमंद पोराला समजावतात तसं. ते मातीचे मग सासूबाईंना मिळालेले नव्हते. ते द्यायचे होते. इकडच्या म्हाताऱ्या बायका आपल्या मयताची तयारी स्वतः करून ठेवतात: कोलिव्याचे, म्हणजे मयताच्या गोड घुगऱ्यांचे, गहू, जेवणाचा शिधा, दारू, एकेक मग, एकेक टॉवेल. मागं राहिलेल्यांवर भरवसा नसतो. मुलगी परदेशात आणि जावई असा.

'जावई असा' हे तिनं म्हटलं नाही. मी ऐकलं.

पण खरा धक्का पुढेच होता. नेटवर्क जाण्यापूर्वी काल सांदानं स्तेलुत्साला फोन केला होता. 'पोरी, तुझी आई गेली.' स्तेलुत्सा रात्रीच्याच बसनं निघते म्हणाली होती.

डांबरी रस्त्यापर्यंत धावत गेलो. बर्फात दोनदा आपटलो. पेट्रोल पंपावरून फोन लावला. ती हंगेरीत कुठेतरी होती.

"स्तेलुत्सा, आई जिवंत आहे. बरी आहे. माझी चूक झाली."

ती रडायला लागली, मोठ्यानं, परक्या लोकांच्या भरलेल्या बसमध्ये. मी ऐकत उभा राहिलो. शेवटी म्हणाली, "येतेच आहे मी. आईला भेटायला." आणि फोन ठेवला.

माझं नाव तिनं घेतलं नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दोघी एकाच दिवशी आल्या. स्तेलुत्सा बसमधून उतरून थेट इस्पितळात गेली आणि आईला घेऊनच घरी आली. ग्रिगोरेनं गाडी नेली होती. त्याला पोट दुखल्याचं सांगून मी घरीच थांबलो. भ्यालो होतो, झालं.

सासूबाईंना गाडीतच सगळं कळलं होतं. फाटकातून आत येताना गल्लीतली माणसं त्यांना हात लावून बघत होती. "मेल्याची अफवा उठली की आयुष्य वाढतं," सांदा म्हणाली.

"वाढवून काय करू?" सासूबाई म्हणाल्या. "मातीचे मग तर वाटून झाले."

कोठीत गेल्या. रिकाम्या फळीपुढे उभ्या राहिल्या. मी शिव्यांची वाट बघत होतो. त्यांनी एक शिवी दिली नाही. नुसत्या पिंपावर बसल्या, मी बसलो होतो तिथेच, आणि फळीवरून हात फिरवला. मला इतकी लाज कधीच वाटली नव्हती. खाणीतून काढलं तेव्हाही नाही.

सांदा तिला दिलेला मग परत घेऊन आली. सासूबाईंनी घेतला नाही. दिलेलं परत घेत नाहीत.

"मग ते तुमच्या खात्यावर जमा झालं असेल ना, आई?" मी भीत भीत विचारलं. "वर?"

"नाव घेतलं होतंस?"

" 'पारास्कीवाआईंकडून' म्हटलं होतं."

"कडून नाही रे. नावानं. नाव न घेता दिलेलं पोचत नाही. उपाशी आणि अंधारात बसेन मी तिथे."

स्तेलुत्सा दारात उभी होती. तिचे केस पांढरे झालेत. फोनवर ते दिसत नाही. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "आई, त्याला म्हणावं जेवण वाढलंय."

१ डिसेंबर, सोमवार

सासूबाईंनी निर्णय दिला. जिवंतपणीच पोमाना घालायची. इकडे रीत आहे तशी. ज्याला मागच्यांचा भरवसा नाही तो आपलं आपण करून घेतो. पाद्रीबाबांनी शनिवार दिला. "पुन्हा साठा करत बसायला मला वेळ नाही," त्या म्हणाल्या, "आणि साठा करून उपयोग काय, घरात आपत्ती असताना?"

मातीचे मग नवे आणायचे. जेवण मात्र जे आहे त्यातून. आज टेबलावर पुन्हा मनोरा. सासूबाई न्यायाधीशासारख्या बसल्या, मी एकेक डबा पुढे करत होतो.

"गोमांस."

"उपास आहे. ठेव बाजूला."

"काळजाचं वाटण."

"ते मांजरालाही नको."

"सारडिन."

"शनिवारी मासा चालतो." डबा फिरवून बघितला. "ह्यांना मासा आवडायचा. ठेव." हे म्हणजे माझे सासरे, जाऊन वीस वर्षं झाली.

"उकडलेले घेवडे."

"कांदा परतून घातला तर चालतील. त्यांना आता काय, पित्त थोडंच होतंय."

पत्रकातली तिसरी अट आठवली, घरच्यांना आवडणारं. निवड पहिल्यांदाच नीट होत होती, फक्त घरचे बरेचसे कबरीत होते. मी हे मोठ्यानं बोललो. सासूबाई हसल्या. देवाशपथ हसल्या. भिंतीकडे तोंड करून स्तेलुत्साही हसली असावी, खांदे हलले. पण वळली तेव्हा चेहरा कोरडा होता. सगळं ती आईमार्फतच बोलते. 'त्याला सांग लाकडं आण.' मी तिच्या शेजारी उभा असतो.

तिची परतीची बस पुढच्या सोमवारी आहे.

६ डिसेंबर, शनिवार

सगळं उरकलं. लिहून ठेवतो.

अंगणात बाकं मांडली. थंडी कडक, ऊन लख्ख. कोबीच्या पानांत तांदूळ भरून स्तेलुत्सानं सारमाले वळले, पानं मी सोलून दिली. एक फाटलं तर तिनं माझ्या हातातून काढून घेतलं. घेवडे, सारडिन, कोलिवा, बुधला (थोडा हलका झालेला, कोणी काही विचारलं नाही). पाद्रीबाबांनी प्रार्थना म्हटली. सासूबाई मधोमध, अंगावर ठेवणीतला पोशाख. पुरताना अंगावर घालायला ठेवलेला तोच; म्हणाल्या, कुठे तंग होतो ते आत्ताच कळलेलं बरं.

रीत अशी: देणारा मग आणि ताट पुढे करतो, ज्याच्या नावानं द्यायचं त्याचं नाव घेतो. घेणाऱ्यानं म्हणायचं, 'देव त्याला क्षमा करो.' ते म्हटल्याशिवाय पोचत नाही आणि सगळ्यांचं म्हणून झाल्याशिवाय कोणी चमचा उचलत नाही.

"माझ्या आईच्या नावानं." सांदानं घेतलं. "देव तिला क्षमा करो."

"माझ्या इलारियेच्या नावानं." सासऱ्यांचा मग ग्रिगोरेला. "देव त्याला क्षमा करो."

"पारास्कीवाच्या नावानं. म्हणजे माझ्या." लोक हसले. "देव तिला क्षमा करो," सगळ्या बाकांवरून आलं. सासूबाईंनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. म्हटलं, चला, म्हातारीचं पोचलं.

मी बसायला खाली वाकलो तर त्यांनी आणखी एक मग उचलला. मेणबत्ती पेटवली. स्तेलुत्साला जवळ बोलावलं.

"आणि हे तितूच्या नावानं."

मी ताडकन उभा राहिलो. "आई, मी जिवंत आहे!"

"मग मी काय मेलेय?" त्या म्हणाल्या. "खाली बस. तुझं मागं कोण करणार आहे? ही तिकडे. माझे किती दिवस उरलेत देव जाणे. तुझ्या गावी, कॉन्स्टान्त्साला, तुझं कोणी राहिलं नाही. उपाशी बसशील तिथे, आणि मला वरून बघवणार नाही. म्हणून म्हटलं, घरच्यांबरोबर तुझंही करून टाकावं."

घरच्यांबरोबर. इतक्या वर्षांत पहिल्यांदा या घराच्या माणसांत माझं नाव घेतलं गेलं, ते मेलेल्यांत. तक्रार नाही. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि नाक पुसायला टॉवेलही नव्हता, सगळे वाटून झाले होते.

स्तेलुत्सानं तो मग दोन्ही हातांनी धरला. तिनं म्हणायचं होतं. ती म्हणेना. सगळी गल्ली चमचे हातात धरून थांबली होती, घेवडे गार होत होते, पाद्रीबाबा दाढी कुरवाळत होते. घरी आल्यापासून पहिल्यांदा तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. पुष्कळ वेळ.

"देव त्याला क्षमा करो," ती म्हणाली. मग थेट मला, मधे आईला न घालता, "माझ्या क्षमेचं मी बघेन. तू आधी जेव."

लोकांनी चमचे उचलले.